आधी जीभ धू

“महानंदा, आधी जीभ धू, मग देवाला हात लाव.”

अव्वा, म्हणजे माझी आई, हे मला रोज सांगायची. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि गळ्यात लिंग बांधून वर्षही झालं नव्हतं. मी न्हाणीत जाऊन खळखळून चूळ भरून यायची.

“धुतलीस?”

“धुतली.”

“ती पाण्यानं. आता आठव, काल कुणाला काय बोललीस?”

मग मी पाटावर बसून आठवायची. धाकट्या भावाला, शिवलिंगला, ‘बोकड्या’ म्हटलेलं असायचं. “जा, सांगून ये त्याला,” अव्वा म्हणायची. मी परसात जाऊन “चुकलं रे” म्हणायची, तो “बरं, बोकडे” म्हणून उट्टं काढायचा, आणि तेव्हा कुठे अव्वा माझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवू द्यायची. कुणाचं मन दुखवलेल्या जिभेनं शिवाचं नाव घेतलं तर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं ती सांगायची. ते खरं की खोटं, मी कधी विचारलं नाही.

अव्वा गेली, पण नेम राहिला. मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हाही तो सुटला नाही. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी नाही. दुपारचा डबा खाल्ला की संध्याकाळच्या पूजेपर्यंत तोंडात काही नाही. आणि दोन्ही वेळा आधी जीभ धुवायची. घरातलं, शेजारचं काहीबाही सापडायचं. भाजीवालीशी घासाघीस करताना आवाज चढलेला असायचा, जावेला टोमणा मारलेला असायचा. शाळेतलं मात्र अकरा वर्षांत काही सापडलं नव्हतं. एकाही लेकराला मी ‘ए’ म्हणून हाक मारली नव्हती. ‘गप बस’ म्हटलं नव्हतं. ‘प्लीज’शिवाय कुणाला उठवलं नव्हतं आणि ‘थँक्यू’शिवाय कुणाला बसवलं नव्हतं. त्याला अभिमान म्हणा हवं तर. मी तेव्हा त्याला समाधान म्हणत होते.

ह्याला कारण होतं. मी स्वतः आठवीत असताना आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी मला एका शब्दासाठी अख्खा तास उभं केलं होतं. सगळा वर्ग हसत होता आणि मास्तर पुढचा धडा शिकवत होते. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आपल्यामुळे कुणावर असं लाजेत उभं राहायची वेळ येता कामा नये.

मी सांगते आहे तो आठवडा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा. दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरणं चाललं होतं, शुक्रवारी पाच वाजता मुदत संपत होती. त्याच शुक्रवारी दुपारी माझा आदर्श पाठ होता. विस्तार अधिकारी निंबर्गी साहेब ऑगस्टमध्ये माझ्या तासाला येऊन बसले होते. जाताना ते मुख्याध्यापकांना म्हणाले होते, “पस्तीस मिनिटांत बाईंनी बावीस वेळा थँक्यू म्हटलं. मी टिपून ठेवलंय. आमच्या तालुक्यातले इंग्रजीचे मास्तर पोरांशी बोलतात की बैल हाकतात, कळत नाही. त्यांना हा तास दाखवला पाहिजे.” त्यामुळे तालुक्यातले पंचवीस शिक्षक शुक्रवारी आमच्या दहावीच्या वर्गात येणार होते. विषय फलकावर लिहूनही झाला होता : ‘इंग्रजीच्या वर्गातील सौजन्य’.

मंगळवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चौगुले सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसले होते. दहावीचे वर्गशिक्षक ते, आणि गणितही तेच शिकवायचे. गडगड्या आवाजाचा माणूस. त्यांच्या तासाचा आवाज माझ्या वर्गात भिंतीतून यायचा.

“महानंदाबाई, तुमची एक आसामी फॉर्म भरत नाही म्हणते.”

“माझी? वर्ग तुमचा आहे सर.”

“वर्ग माझा, भीती तुमच्या विषयाची. मंजुळा धोत्रे. म्हणते, इंग्रजीत नापासच होणार, मग फॉर्म कशाला भरू? आईबरोबर खडी फोडायला जाते.”

“पण ती शाळेत येते ना?”

चौगुले सरांनी चष्म्यावरून बघितलं. “येते की. पहिल्या तासाला हजेरी देते, माझं गणित करते, आणि डबा खाऊन घरी जाते. तुमचा तास पाचवा. सुट्टी संपल्यापासून रोज हेच. दिवाळीआधीपण महिनाभर असंच. तुम्हाला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी दिसायची एवढंच. मी मंजुळाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. दोन वेण्या, कपाळावर गोंदण, उभी राहिली की बाकाची कड पकडायची. आवाज मात्र काही केल्या आठवेना. तिसरं वर्ष होतं तिचं माझ्या हाताखाली.

बिराजदार सर, आमचे मुख्याध्यापक, दारातून ऐकत होते. ते म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. एखादी गळायचीच. उलट निकालाला बरंच आहे. आणि शुक्रवारचं बघा, शेवटचे दोन बाक मी ग्रंथालयात पाठवतोय. पाहुण्यांना जागा होईल, आणि बोलणारी मुलं पुढे राहतील.”

“फॉर्म माझ्याकडे द्या सर,” मी चौगुले सरांना म्हणाले.

“तुम्ही जाणार? वडरांच्या खाणीवर? पायी?”

“चालत गेलं की जमतं.”

शाळा सुटल्यावर निघाले. गावाबाहेर माळावर जुनी खाण होती, तिच्या काठाला दहा-बारा घरं. लांबूनच घणाचे आवाज येत होते. एका घरापुढे एक बाई छिन्नीनं पाट्याला टाके घालत बसली होती. तिनं मला बघितलं आणि हातातलं तसंच ठेवून उठली.

“अगं मंजे, बाई आल्यात! बाई, काय केलं हिनं?”

“काही नाही केलं. मीच आले भेटायला.”

“साळंतली बाई उगं येती व्हय माळावर?” मंजुळाची आई, यल्लूबाई, हसली. तिचा एक दात तुटलेला होता. “बसा. खाट मोडकी हाय, पन दगड घट हाईत.” तिनं पदरानं एक मोठा चौकोनी दगड पुसला. मी बसले.

मंजुळा झोपडीच्या दारात उभी होती. हाताला पांढरी भुकटी लागलेली. नमस्कार केला, पण जवळ आली नाही.

“चा टाकती,” यल्लूबाई म्हणाली.

“नको, थँक्यू,” मी म्हणाले. सवयीनं गोड आवाजात. आमच्या शाळेतल्या सगळ्यांना माझं ते ‘थँक्यू’ ऐकायची सवय होती.

यल्लूबाईचं तोंड जरासं उतरलं. “आमच्या हातचा चालत न्हाई का?”

“तसं नाही हो. संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय मी तोंडात काही घेत नाही. कुणाच्याच घरी नाही, माझ्याही नाही.”

“आई, राहू दे,” मंजुळा दारातूनच म्हणाली. “बाईंनी थँक्यू म्हटलं की संपलेलं असतं.”

ती एवढंच बोलली. उद्धटपणानं नाही. पाऊस येणार आहे, दोरीवरचे कपडे काढ, असं सांगावं तसं. पण मला बसल्या जागी काहीतरी टोचलं. काय ते कळलं नाही.

यल्लूबाईनं मात्र हार मानली नव्हती. “पूजा र्‍हायलीय व्हय? मग करा की हितंच.” तिनं माझ्या गळ्याकडे बोट केलं. “देव तर गळ्यात घालूनच फिरताय. आमच्यासारखं जेजुरीला जायला नको, का तुळजापूरला नको.”

मी तोंड उघडलं, नाही म्हणायला. आणि म्हणता येईना. अव्वाही म्हणायचीच, जिथं स्वच्छ पाणी आणि स्वच्छ मन आहे तिथं पूजा होते. दिवस कलला होता. घरी पोचायला काळोख झाला असता.

“पाणी द्याल?” मी विचारलं.

यल्लूबाईनं तांब्या घासून, धुऊन, भरून आणला. जरा वेळ विचार केला आणि पोरीच्या हातात दिला. “तू दे. तुझ्या बाई हाईत.” मंजुळा आली. मी हातपाय धुतले, चूळ भरली, दगडावर बसून गळ्यातली चांदीची डबी उघडली. मंजुळा तांब्या धरून उभी. आणि अव्वाचा आवाज आला. नेहमीसारखाच.

धुतलीस? ती पाण्यानं.

मी डबी पुन्हा बंद केली.

“काय झालं बाई?” मंजुळानं विचारलं.

“मंजुळा, पूजेच्या आधी मला एक काम असतं. कुणाला काही लागेल असं बोलले असेन तर ते आठवायचं, आणि त्याला सांगून यायचं. मला आठवत नाहीये. मी तुला काय बोलले, ते तू सांग.”

“तुम्ही? काही नाही बाई.”

“नीट आठव.”

“खरंच काही नाही. तुम्ही कुणालाच काही बोलत नाही. चौगुले सर बोलतात.”

“काय बोलतात?”

तिनं आईकडे बघितलं. यल्लूबाईच बोलली, “दगड म्हणत्यात. दगडफोड्याची पोर, डोस्क्यात पन दगडच, म्हनत्यात. मी म्हनलं, मास्तरला सांग, दगडाचाच तुमचा पाटा, दगडाचंच तुमचं जातं, आन् दगडाचाच तुमचा देव.”

“आई!”

“मग? खोटं हाय?”

“त्यांच्या तासाला मग बसतेस कशी?” मी विचारलं. “राग नाही येत?”

“लई येतो बाई. घरी येऊन रडतेसुद्धा. पण…” तिनं तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला. “ते दगड म्हणतात आणि मग फळ्याजवळ उभे राहतात. गणित सुटेस्तोवर हलत नाहीत. घंटा झाली तरी. ‘कर, कर, मला कुठं जायचंय’ म्हणतात.”

“आणि मी?”

तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

“सांग बाळ. मी इथं त्याच्यासाठीच बसले आहे. तू सांगितल्याशिवाय माझी पूजा होणार नाही.”

“तुम्ही थँक्यू म्हणता.”

घणाचे आवाज थांबले होते. खाणीतली माणसं वर येऊ लागली होती.

“जूनमध्ये तुम्ही विचारलं होतं,” मंजुळा सांगू लागली. डोळे तांब्यावर. “धड्यातला म्हातारा रोज खिडकी का बंद करायचा? मला येत होतं. पोरं शाळेत जाताना दिसायची आणि त्याला त्याचा नातू आठवायचा, म्हणून. पण मला बाई आधी मराठीत जुळवावं लागतं. मग एकेक शब्द उचलून आणावा लागतो, ट्रॉलीत दगड भरतात तसा. मी ‘बिकॉज’ म्हटलं. पुढचा शब्द आणायला गेले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘थँक्यू मंजुळा, सिट डाउन प्लीज.’ मग अनघा उभी राहिली आणि तिनं तेच सांगितलं. माझंच. तुम्ही तिला ‘व्हेरी गुड’ म्हणालात.”

“मला वाटलं तुला येत नाही. उभं राहून लाज वाटेल तुला, म्हणून…”

“हां बाई. पोरीपण म्हणतात, बाई किती चांगल्या, नाही आलं तर बसू देतात.” ती थांबली. मग शब्द शोधून म्हणाली, “आठवीपासून तुम्ही मला चौदा वेळा उठवलं. चौदा वेळा थँक्यू म्हटलं. माझं एक पण वाक्य पुरं झालं नाही. मग मी म्हटलं, आपलं वाक्य काही पुरं व्हायचं नाही. पेपरात तरी कसं होईल?”

यल्लूबाईला सगळं कळलं नसावं. ती एकदा लेकीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. “काय चुकलं का बाई तिचं?”

“तिचं नाही,” मी म्हणाले.

मग मी मंजुळाला म्हणाले, “चुकलं माझं.” शिवलिंगला म्हणायची तसंच, जास्त काही न जोडता. सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीला असं म्हणायची ती पहिलीच वेळ. मंजुळाला काय करावं कळेना. तिनं घाईघाईनं तांब्या पुढे केला.

“पूजा करा बाई. अंधार व्हायला लागला.”

मी लिंग तळहातावर घेतलं. तिनं माझ्या उजव्या हातावर पाणी घातलं, बारीक धार, मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. बेल नव्हता. यल्लूबाईनं कुंपणावरचं पिवळं कण्हेरीचं फूल आणून दिलं. पूजा झाली आणि मग चहाही झाला. गुळाचा, आलं ठेचून घातलेला. मी दोन कप घेतले.

मी पिशवीतून फॉर्म काढला. पालकाच्या सहीच्या जागी यल्लूबाईनं लगेच अंगठा उठवला. “बाप लातूरकडं गेलाय कामाला. माझा चालंल न्हवं?” मग फॉर्म मंजुळाकडे गेला. विद्यार्थ्याच्या सहीची चौकट तेवढी कोरी होती. तिनं पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं.

“बाई, तुम्ही आज म्हणताय. वर्गात पंचेचाळीस पोरं असतात.”

“मी थांबेन.”

“किती?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. “तुझं वाक्य संपेपर्यंत.”

“आणि घंटा झाली तर?”

“घंटा होऊ दे.”

“आणि शुक्रवारी? ते बाहेरचे मास्तर येणारेत तेव्हा?” ती माझ्याकडे सरळ बघत होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. “त्या दिवशी आम्हाला ग्रंथालयात बसायला सांगितलंय. अनघा म्हणत होती.”

म्हणजे मुलांना हे माझ्याआधीच कळलं होतं.

“शुक्रवारी तू पहिल्या बाकावर बसशील,” मी म्हणाले. “मी तुला विचारेन. तू सुरू केलंस की मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. प्लीज नाही आणि थँक्यूपण नाही.”

मंजुळानं फॉर्मची चार पदरी घडी घातली. “मग सही त्या तासानंतर करते,” ती म्हणाली. “चालेल?”

“मंजे! बाईंना असं बोलत्यात व्हय?” यल्लूबाई ओरडली.

“चालेल,” मी म्हणाले.

बुधवारी सकाळी मी पाटावर बसले, आणि पूजेला एरवीपेक्षा पाऊण तास जास्त लागला. मंजुळाच्या मागे आणखी पुष्कळ जण उभे होते. एकेकाला आठवत गेले. सगळे बाकाची कड धरून अर्धवट उठलेले, आणि मी सगळ्यांना गोड आवाजात बसवत होते. निंबर्गी साहेबांनी टिपलेले बावीस थँक्यू मला आता वेगळे दिसत होते.

शाळेत गेल्यावर आधी चौगुले सरांना गाठलं.

“सर, दोन गोष्टी आहेत. एक सांगायची, एक विचारायची.”

“बोला की.”

“सांगायची ही, की मंजुळाला दगड म्हणू नका. ती घरी जाऊन रडते.”

त्यांचा खडू हातातच राहिला. “रडते? ती? अहो, मी आपलं… आमचे वडीलपण आम्हाला दगडच म्हणायचे.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “असं म्हणाली पोरगी?”

“हो. आणि विचारायची ही, की तुम्ही थांबता कसे?”

“म्हणजे?”

“मुलाला उत्तर येत नसतं, सगळा वर्ग बघत असतो, आणि तुम्ही नुसते थांबता. कसं जमतं?”

चौगुले सर हसायलाच लागले. “त्यात काय जमायचं बाई? थांबायचं. तोंड बंद ठेवायचं.” मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. “अवघडच असतं म्हणा. आपल्यालाच लाज वाटते. मी म्हणून तर मध्ये मध्ये ओरडतो. गप्प राहून थांबणं मला नाही जमत. तुम्हाला जमलं तर मलापण सांगा.”

बिराजदार सरांकडे जाणं त्याहून कठीण होतं. मी वरिष्ठांना कधी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

“सर, शुक्रवारी शेवटचे बाक वर्गातच राहतील. आणि मंजुळा धोत्रे पहिल्या बाकावर बसेल.”

“बाई, अहो पाहुणे पंचवीस आहेत.”

“भिंतीला टेकून उभे राहतील सर. आमची मुलं नाही का वर्षभर तीन-तीन बसत.”

“आणि तिला विचारलंत, नाही आलं तर? साहेबांसमोर? पस्तीस मिनिटांचा पाठ असतो. मिनिट मिनिट बसवलेलं असतं. तुम्हाला शोभेल का ते?”

“नाही शोभणार कदाचित.”

“मग?”

“मी शब्द दिलाय सर.”

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “तुम्ही असं कधी बोलत नाही,” एवढंच म्हणाले. मी त्याला होकार समजले.

शुक्रवारी पाचव्या तासाला दहावीच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे खुर्च्या, खुर्च्यांमागे उभे शिक्षक, प्रत्येकाच्या हातात वही. निंबर्गी साहेब पुढच्या खुर्चीवर. बिराजदार सर दाराशी. चौगुले सरांचा तास नव्हता तरी ते खिडकीबाहेर व्हरांड्यात रेंगाळत होते. मंजुळा पहिल्या बाकावर अनघाशेजारी बसली होती. वेण्यांना नव्या रिबिनी होत्या. कंपासपेटीखाली चार पदरी घडीचा कागद होता.

निंबर्गी साहेबांनी उठून चार शब्द सांगितले. “शिक्षकानं मुलांशी कसं बोलावं, हे आज आपण ऐकायचं आहे,” असं म्हणून ते बसले.

मी धडा वाचला. मुलांनी वाचला. सगळं ठरल्यासारखं गेलं. मागे पेन्सिली भराभर चालत होत्या. मग मी पुस्तक मिटलं आणि प्रश्न विचारला. गोष्टीतली मुलगी मेळ्यातून रिकाम्या हातानं परत का आली? वीस हात वर गेले. अनघाचा सगळ्यांत वर.

“मंजुळा, प्लीज.”

ती उठली. बाकाची कड पकडली. वर्गात कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“बिकॉज…” मंजुळा म्हणाली.

आणि थांबली.

अनघा सवयीनं अर्धी उठली होती. मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांनाही माहीत होतं आता काय येतं. मागे पेन्सिली थांबल्या. निंबर्गी साहेबांनी मान किंचित तिरकी केली. दाराशी बिराजदार सरांनी घड्याळ बघितलं, आणि मला दिसेल असं पुन्हा बघितलं. मंजुळाचे कान लाल झाले होते.

थँक्यू माझ्या दातांपर्यंत आलं. इतकं मऊ, इतकं तयार, की तोंड उघडलं असतं तर आपोआप बाहेर पडलं असतं. त्या क्षणी मला माझ्या लहानपणाचा तो तास दिसला, मी उभी आणि मास्तर पुढचा धडा शिकवताहेत. इतकी वर्षं मी समजत होते, त्यांनी मला उभं केलं ते वाईट होतं. ते वाईट होतंच. पण मला उभं करून ते पुढे निघून गेले होते. आणि मी लेकरांना बसवून पुढे निघून जात होते. अकरा वर्षं, रोज, प्लीज आणि थँक्यू म्हणत.

मंजुळाचे ओठ हलले. आवाज आला नाही. ती कुठेतरी लांब गेली होती, शब्द उचलायला.

मी जीभ टाळूला लावली. अनघाला हातानं खाली बसायची खूण केली. खडू फळीवर ठेवला, बोटांची पूड पदराला पुसली, आणि टेबलामागून निघून पहिल्या बाकाजवळ येऊन उभी राहिले, मंजुळा उभी होती तशीच, हात बाकाच्या कडेवर ठेवून.

आणि थांबून राहिले.